पावसाळ्यात खाडीवर गरवण्यासाठी मांस खारवून आमिष तयार करणे

धरमतरकाठचा

नमस्कार मंडळी,

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि तिच्याबरोबर आमच्यासारख्या काठावरून गरी टाकणाऱ्यांच्या आमिषाचीही पंचाईत होते. एरवी पहाटे बंदरावर गेले की वाटाभर कोळंबी, चार बांगडे किंवा फुटकी म्हाकुले (स्क्विड) सहज मिळतात. बंदीच्या दिवसांत कोळंबीचा भाव ऐकला की ती गरीला लावायची की कालवणात घालायची, याचा निकाल घरच्या घरीच लागतो. कोंबडी मात्र बारमाही मिळते. म्हणून कोंबडीचे मांस खारवून आमिष कसे करावे, याबद्दल माझी पद्धत येथे सविस्तर मांडतो आणि जाणकारांनी तिच्यात दुरुस्ती सुचवावी अशी विनंती करतो.

आधी हे आमिष कोणासाठी, ते सांगणे आवश्यक आहे. जिताडा आणि रावस हे पळत्या भक्ष्यामागे जाणारे मासे असल्यामुळे त्यांच्यासाठी जिवंत कोळंबी किंवा लहान बोय हेच खरे आमिष होय. त्यांना खारवलेले मांस दाखवून उपयोग नाही. शिंगाळा, वाम आणि चिंबोरी (खेकडा) हे मात्र तळाशी वासावर अन्न शोधणारे जीव आहेत. पावसाळ्यात नद्यांचे लाल, गढूळ पाणी खाडीत उतरले की माशाला डोळ्यांनी फारसे दिसत नाही आणि त्याची सारी भिस्त वासावर व चवीवर राहते. त्यामुळे हे आमिष ऐन पावसाळ्यातच सर्वांत चांगले चालते.

कच्चे मांस तसेच लावले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. छातीचे मांस पाण्यात पांढरे पडून सैल होते आणि दोर जोराने फेकला की गरी एका बाजूला व मांस दुसऱ्या बाजूला जाते. कलेजीचे तर विचारूच नये. शिवाय बारीक मासे मऊ तुकडा क्षणात कुरतडून टाकतात आणि आपण रिकामी गरी पाण्यात ठेवून अर्धा तास आशेने बसून राहतो. मीठ लावल्यावर मांसातले पाणी निघून जाते, तंतू एकमेकांना घट्ट धरतात आणि तुकडा गरीवर टिकतो. खारवण्याचा हा पहिला हेतू आहे. टिकाऊपणा हा दुसरा. वास वाढवणे हा हेतू त्यात मुळीच नाही, कारण मिठाने वास वाढत नाही, उलट कमीच होतो. हा फरक लक्षात न घेता पुष्कळ लोक मांस दगडासारखे होईपर्यंत खारवतात आणि मग मासा लागत नाही म्हणून मिठाला दोष देतात.

कृती अशी. अर्धा किलो छातीचे मांस घ्यावे आणि ते न धुता फडक्याने कोरडे टिपून घ्यावे. नंतर तंतू ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने, करंगळीएवढ्या जाडीच्या व बोटभर लांबीच्या पट्ट्या कापाव्यात. आडवी कापलेली पट्टी गरी टोचताच उसवते, उभी कापलेली तोल सांभाळते. मांस थोडे गोठवून घट्ट केले तर सुरी सरळ चालते. पट्ट्यांना १२५ ग्रॅम जाडे मीठ चोळावे. म्हणजे मांसाच्या वजनाच्या पाव हिस्सा. बारीक मीठ चालते, पण ते वरचा थर पटकन कडक करते आणि आतला भाग ओला राहतो, असा माझा अनुभव आहे. मीठ लावलेल्या पट्ट्या स्टीलच्या चाळणीत एकावर एक न येतील अशा मांडाव्यात, चाळणी पातेल्यावर ठेवावी आणि सर्व झाकून फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. तासाभरातच पातेल्यात गुलाबी पाणी ठिबकू लागते. बारा तासांनी पट्ट्या उलटाव्यात आणि चोवीस तासांनी बाहेर काढाव्यात. तयार पट्टी अर्धपारदर्शक, काहीशी पिवळसर दिसते. दोन्ही टोके धरून ओढली तर चामड्याच्या वादीसारखी ताणली जाते, तुटत नाही, आणि मधोमध दाबली तर बोटाला अजून किंचित मऊ लागते. हा किंचित मऊपणा शिल्लक असतानाच थांबावे.

कलेजीला ही रीत तशीच लागू होत नाही. तिचे अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करून मिठात लोळवले तर बाहेरून कातडे धरते, आत मात्र लगदाच राहतो. त्यामुळे ती गरीला लावल्यावर साध्या शिवणकामाच्या दोऱ्याने पाच-सहा वेढे द्यावे लागतात. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली मांसल पिशवी, मुळातच चिवट असतो. त्याला सहा-आठ तास पुरतात.

आता माझे प्रश्न. पातेल्यात जमलेले ते पाणी फेकून द्यावे की ठेवावे? आणि तयार पट्ट्या फ्रिजबाहेर, बरणीत, किती दिवस ठेवणे योग्य ठरेल?

खडपावरचा

धरमतरदादा, धागा उत्तम काढलात. आमच्याकडे मालवणच्या खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) गरवताना कोंबडी वापरणारा माणूस दिसला तर म्हातारी माणसे अजूनही मान फिरवतात, परंतु पावसाळ्यातील अडचण तीच असल्यामुळे त्यांचेही आता फारसे चालत नाही.

माझे मत असे की, खारवायचेच असेल तर पहिला मान म्हाकुलाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत म्हाकूल मुबलक असते तेव्हाच ते घ्यावे, सोलून त्याच्या पट्ट्या कापाव्यात, आपण सांगितलेल्या रीतीने मीठ लावावे आणि बंदी सुरू होण्यापूर्वी साठा करून ठेवावा. म्हाकुलाची पट्टी मुळातच रबरासारखी चिवट असते, त्यामुळे मीठ थोडे, माझ्या अंदाजाने निम्मेच, लागते आणि वास जात नाही. एका पट्टीवर दोन-तीन मासे काढता येतात, जे कोंबडीच्या बाबतीत क्वचितच घडते. तांबोशी आणि गोबरा हे खडपातले मासेही म्हाकूल घेतात. कोंबडीकडे ते फिरकल्याचे मी पाहिलेले नाही.

दुसरा पर्याय बाजारात तयार मिळणारा खारा बांगडा. तो घरी आणून पाठीकडून उभा चिरावा, काटा काढावा आणि कातडीसकट पट्ट्या कापाव्यात. गरी नेहमी कातडीच्या बाजूने आत घालून मांसाच्या बाजूने बाहेर काढावी आणि पुन्हा एकदा कातडीतून न्यावी. ही कातडीच सारा भार पेलते. खारा बांगडा फारच कडक असेल तर खाडीच्याच पाण्यात दहा मिनिटे भिजवून मग लावावा.

धरमतरकाठचा

खडपावरचे भाऊ, म्हाकुलाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे. मेमध्ये साठा करण्याची सूचना या वर्षी अमलात आणीन. मात्र आमच्या धरमतर खाडीच्या चिखलात तांबोशीपेक्षा शिंगाळाच अधिक आणि त्याला बांगडा काय, कोंबडी काय, सारे सारखेच. खर्चाचा हिशेब केला तर कोंबडीचा पेटा त्याला परवडतो आणि मलाही.

मीठभाकर

मी अन्नप्रक्रिया क्षेत्रात काम करतो, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरे थोडी विस्ताराने देतो.

प्रथम मिठाचे प्रमाण. कोंबडीच्या छातीच्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणजे अर्धा किलो मांसात साधारण ३७५ ग्रॅम. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त ३६ ग्रॅम मीठ विरघळते. म्हणजे त्या मांसातले सर्व पाणी मिठाने पूर्ण संपृक्त करायला सुमारे १३५ ग्रॅम मीठ लागेल. आपण १२५ ग्रॅम वापरता, म्हणजे संपृक्ततेच्या अगदी जवळ पोहोचता. मच्छी खारवणाऱ्यांच्या पिढीजात अंदाजातही तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ असे प्रमाण आढळते, ते याच कारणाने.

संपृक्त मिठाच्या द्रावणात जिवाणूंना वापरता येईल असे पाणी फार कमी उरते. शास्त्रीय भाषेत त्याची जलक्रियाशीलता ०.७५ असते (शुद्ध पाण्याची १). अन्नातून विषबाधा घडवणारा स्टॅफिलोकॉकस ०.८३ च्या खाली वाढू शकत नाही आणि घातक विष तयार करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम तर ०.९४ च्या खालीच थांबतो. म्हणून पूर्ण खारवलेली पट्टी टिकते. परंतु आपण पट्टी किंचित मऊ असतानाच थांबता, म्हणजे आतपर्यंत मीठ पूर्ण पोहोचलेले नसते. अशी अर्धी खारवलेली पट्टी हवाबंद बरणीत भरून फ्रिजबाहेर ठेवणे हे सर्वांत वाईट. हवा नाही, मीठ अपुरे, वर कोकणातला उकाडा; बोट्युलिनमला याहून सोयीची जागा मिळणार नाही. आमिष आपण खात नाही हे खरे, पण ते हाताळलेल्या बोटांनीच आपण तळ्याकाठी वडापाव खातो. तेव्हा अर्धी खारवलेली पट्टी फ्रीझरमध्येच ठेवावी.

फ्रीझरमध्ये एक गंमत दिसेल. मिठाचे पाणी साध्या पाण्यासारखे शून्य अंशाला गोठत नाही. योग्य प्रमाणातील मिठाचे द्रावण उणे २१ अंशांपर्यंत द्रवच राहते. घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांना चालतो. त्यामुळे नीट खारवलेल्या पट्ट्या तेथे दगड न होता लवचीक राहतात आणि काढल्या काढल्या गरीला लावता येतात. पट्ट्या कडकडीत गोठल्या तर त्याचा अर्थ मीठ आत कमी गेले आहे. खारवण नीट झाली की नाही, हे तपासण्याची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

पावसाळ्यात पट्ट्या वाळवण्याचा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेऊ लागते. जुलैत घरातल्या मिठाच्या बरणीत जे होते तेच पट्टीचे होते. मोकळ्यावर ठेवलेली खारी पट्टी रात्रभरात पुन्हा ओली होते. शिवाय मिठागरातल्या मिठात मीठप्रिय सूक्ष्मजीव असतात, त्यांच्यामुळे ओलसर खाऱ्या मांसावर आणि मासळीवर गुलाबी-लाल डाग येतात. ते डाग दिसले की माल टाकून द्यावा.

आता पातेल्यातल्या पाण्याबद्दल. ते मुळीच फेकू नये. माशाला ओढून आणणारी द्रव्ये म्हणजे पाण्यात विरघळणारी अमिनो आम्ले, आणि मिठाने मांसातून जे पाणी ओढून काढले त्याच्याबरोबर ती आम्लेही बाहेर आलेली असतात. चोवीस तासांनी आपल्या पातेल्यात जे गुलाबी पाणी आहे, त्यात आमिषाचा बराचसा जीव आहे. ते गाळून लहान बाटलीत फ्रीझरमध्ये ठेवावे आणि पट्टी गरीला लावण्यापूर्वी त्यात बुडवून घ्यावी.

धरमतरकाठचा

मीठभाकर साहेब, हे पाणी मी आजवर मोरीत ओतत होतो. आता ते भाताच्या कोंड्यात आणि थोड्या वाळूत कालवून त्याचे गोळे गरीच्या आसपास टाकून पाहतो; वाळूच्या वजनाने गोळा तळाशी जाईल आणि ओहोटीच्या ओढीत हळूहळू सुटत राहील.

चिंबोरीचा नाद

आमच्या उरण-पेणकडे फग (चिंबोरी पकडण्याचे गोल जाळे) लावताना कोणी मीठ वापरत नाही, याची नोंद व्हावी. फगाच्या मधोमध कोंबडीचे पाय, मुंडी किंवा वामीचा तुकडा घट्ट बांधायचा, फग चिखलात सोडायचा आणि थोड्या थोड्या वेळाने वर ओढून पाहायचा. चिंबोरी आमिष गिळून पळत नाही, ती नांग्यांनी धरून बसून खाते. तेव्हा तुकडा टिकण्याची चिंता येथे नाही, कारण तो दोरीने बांधलेलाच असतो. अशा ठिकाणी मीठ लावून वास कमी करण्यात काय शहाणपण आहे? मुंडी आदल्या दिवसाची असली तर अधिकच चांगली.

कोंबडीचे पाय बांधताना कातडी एका जागी चिरून ठेवावी, म्हणजे आतला रस सुटतो. एवढे केले की बाकी चिंबोरीवर सोडून द्यावे. उधाणाच्या भरतीला जेवढी मिळतात तेवढी भांगाला (लहान भरतीला) मिळत नाहीत, हा भाग वेगळा.

लाखेच्या मादीला, म्हणजे पोटाखाली अंडी असलेल्या चिंबोरीला, सोडून द्यावे ही विनंती मात्र येथे सर्वांना आहे.

धरमतरकाठचा

फगाबाबत आपण म्हणता ते योग्यच आहे. जेथे दोरी तुकडा धरून ठेवते तेथे मिठाची गरज नाही. जेथे फक्त गरी धरते तेथेच ती आहे.

टेक्सासचा पांथस्थ

मी मूळचा चिपळूणचा, गेली काही वर्षे ह्यूस्टनजवळ राहतो. येथे कॅटफिश (आपल्या शिंगाळ्याच्या जातकुळीचा मासा) पकडण्याचा छंद असणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि कोंबडीच्या आमिषावर घरोघरी ठाम मते आहेत. छातीच्या मांसाचे चौकोनी तुकडे करून त्यांना मीठ, लसणाची पूड आणि चेरी किंवा स्ट्रॉबेरी स्वादाच्या सरबताची वा जेलीची लालभडक पूड चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणे, ही येथील एक लोकप्रिय कृती आहे. साखरही मिठाप्रमाणे पाणी ओढते, त्यामुळे तुकडा घट्ट होतो यात नवल नाही. तो लाल रंग माशासाठी आहे की माणसासाठी, याबद्दल मला शंका आहे. गढूळ नदीच्या तळाशी रात्री लाल रंग कोणाला दिसणार?

कॅटफिशच्या चवीवर येथे खरोखरचे संशोधन झालेले आहे. लुईझियाना राज्य विद्यापीठातील जॉन कॅप्रिओ यांनी दाखवून दिले की, या माशाच्या मिशांवरच नव्हे तर सर्वांगावर रुचिकलिका असतात आणि एल-ॲलनीन व एल-आर्जिनीन यांसारखी अमिनो आम्ले अत्यल्प प्रमाणात असली तरी त्या ओळखतात. मीठभाकर यांनी पातेल्यातल्या पाण्याबद्दल जे सांगितले, त्याला हा आधार पुरेसा आहे. तेलकट आमिषाचा वास पसरतो ही समजूत तितकीशी खरी नाही, कारण चरबी पाण्यात विरघळत नाही. कोंबडीची कातडी म्हणूनच केवळ टिकण्यासाठी चांगली, बोलावण्यासाठी नव्हे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सॅमनची अंडी खारवून आमिष करतात, तेव्हा मिठाबरोबर टाकणखार आणि सोडियम सल्फाइट वापरण्याची पद्धत आहे. ओरेगॉनमध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सल्फाइट घातलेली अंडी खाल्ल्यावर सॅमनची पिल्ले मरतात. आपण जे पाण्यात टाकतो ते बारीक मासेही खातात, हे विसरू नये. टाकणखाराने आमिष घट्ट होते हे खरे, पण तोही पोटात जाण्याची वस्तू नव्हे आणि स्वयंपाकघरात ठेवण्याची तर नव्हेच. साधे मीठ पुरेसे असताना इतर रसायनांच्या नादी लागण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, मांस टिकवण्यासाठी येथे गुलाबी रंगाचे एक तयार मीठ मिळते, ज्यात सोडियम नायट्राइट सुमारे सव्वासहा टक्के असते. ते चुकून खाण्यात जाऊ नये म्हणूनच त्याला गुलाबी रंग देतात. सैंधवही गुलाबीच असते. परगावाहून आणलेली पिशवी घरात कोणी सैंधव समजून आमटीत घातली तर परिणाम गंभीर होतील. आमिषासाठी नायट्राइटची काहीही गरज नाही.

सागरवेल

मी या छंदात नवीन आहे, म्हणून एक घरगुती शंका विचारते. आमच्याकडे सासूबाई श्रावण कडक पाळतात आणि फ्रिज एकच आहे. चोवीस तास चाळणीत कच्चे मांस ठेवणे शक्यच नाही. यावर काही मार्ग आहे का? शिवाय कच्च्या कोंबडीच्या पाण्यापासून इतर अन्नाला धोका असतो असे वाचले आहे.

मीठभाकर

सागरवेलताई, आपली शंका अगदी योग्य आहे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर आढळतात आणि मीठ लावल्याबरोबर ते मरत नाहीत. पट्ट्या व मीठ जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून ती पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवावी. पाणी पिशवीतच जमते आणि पट्ट्या स्वतःच्याच खाऱ्या पाण्यात मुरतात. परिणाम चाळणीइतका कोरडा येत नाही, पण बारा तासांनी पिशवी उलटली तर फारसा फरक राहत नाही आणि आमिषाच्या दृष्टीने ते पाणीही वाया जात नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. आमिषाची सुरी, फळी आणि डबा कायमचा वेगळा असावा.

धरमतरकाठचा

श्रावणाबद्दल मात्र शास्त्रात उपाय नाही. बर्फ भरलेल्या थर्मोकोलच्या पेटीत, बर्फ बदलत राहून, गॅलरीत चोवीस तास काढता येतात. आषाढ अमावास्येच्या आत महिनाभराचे खारवून शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवणारेही मला माहीत आहेत.

मुठेकाठी

गोड्या पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून चार ओळी. पुणे-सातारा भागातील धरणांत आणि नद्यांत शेंगटी व मरळ कोंबडीचा पेटा किंवा कलेजी घेतात. रोहू-कटल्यासाठी पिठाचे गोळेच वापरावेत. शेंगटीसाठी मी आपल्या पद्धतीने पेटा खारवतो, परंतु मीठ निम्मे घेतो आणि एकाच दिवसात वापरून टाकतो.

खडस (महसीर) या माशाबद्दल एक विनंती आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली ज्या खडसाचे वर्णन शास्त्राला करून दिले, तो आपल्या मुळा-मुठेतलाच होता. आज तो येथे दुर्मीळ झाला आहे आणि टाटा पॉवरच्या लोणावळ्याजवळील वळवण केंद्रात त्याची पैदास करून पिल्ले सोडली जातात. मांसाच्या तुकड्यालाही तो लागू शकतो. लागला तर ओल्या हातांनी धरून लगेच सोडावा. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांत तर गळ टाकण्याचा विचारही करू नये. तेथील मासे लोकांच्या श्रद्धेमुळेच टिकलेले आहेत.

याउलट परदेशी मांगूर लागला तर तो परत सोडू नये. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिला, तरी चोरून केलेल्या तळ्यांतून तो नद्यांत पसरला आहे. अशा तळ्यांत त्याला कोंबडीच्या दुकानांतील टाकाऊ मांसच घालतात, तेव्हा आपल्या आमिषावर तो तुटून पडतो यात आश्चर्य नाही.

धरणांवर मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. परवानगी विचारावी, म्हणजे वाद होत नाहीत.

ट्रेंटतीर

इंग्लंडमधून लिहितो आहे. येथे ट्रेंट नदीवर बार्बेल नावाच्या, खडसाच्याच कुळातल्या माशासाठी डब्यातले खारवलेले डुकराचे मांस चौकोनी तुकडे करून वापरण्याची पद्धत अनेक दशकांपासून रूढ आहे. त्यातील मीठ जेमतेम दोन-तीन टक्के, म्हणजे या धाग्यातल्या मानाने काहीच नाही, तरीही मासा ते आवडीने घेतो. तुकडा गरीवर टिकावा म्हणून येथील लोक मीठ वाढवत नाहीत, तर तुकडे कोरड्या तव्यावर हलके परतून त्यांना बाहेरून साल आणतात. धरमतरदादांनी कलेजीवर हा प्रयोग करून पाहावा असे वाटते: आधी थोडे मीठ, मग तव्यावर दोन्ही बाजूंनी क्षणभर. बाहेरून घट्ट, आतून कच्ची, आणि रस आतच.

येथील नद्यांत १५ मार्च ते १४ जून या विणीच्या काळात अशा माशांची मासेमारी बंद असते आणि पकडलेला बार्बेल परत सोडण्याचीच रीत आहे.

खडपावरचा

ट्रेंटतीर, तव्याची कल्पना चांगली आहे, पण तो तवा पुन्हा भाकरीला लागणार नाही याची जबाबदारी कोणी घ्यायची?

धरमतरकाठचा

जुना, टाकून द्यायचा तवा काढला आणि कलेजीचे तुकडे ट्रेंटतीर यांनी सांगितल्याप्रमाणे परतून पाहिले. मीठ लावून दोन तास ठेवलेले तुकडे अगदी थोडा वेळ परतले की भोवती करडी साल धरते आणि गरी ओढली तर ती लगेच फाटत नाही. शिवणदोऱ्याचे वेढे तरीही लागतात, पण सहाऐवजी दोनच पुरतात. जास्त परतली तर कलेजी भुसभुशीत होऊन गरी टोचताच फुटते, तेव्हा तव्यापासून हलू नये. पट्ट्यांना मात्र तव्याची गरज नाही.

पातेल्यातल्या पाण्यात पट्टी बुडवून टाकण्याबद्दल: गढूळ ओहोटीत पहिली दहा-पंधरा मिनिटे चांगली जातात, त्यानंतर पट्टी धुतल्यासारखी पांढरी पडते आणि तिला कोणी विचारत नाही. पट्टी गरीवर शाबूत आहे म्हणून ती कामाची आहे असे समजू नये. वीस मिनिटांनी दोर ओढून तीच पट्टी पुन्हा बाटलीत बुडवावी किंवा बदलावी.

शिंगाळा काढणाऱ्यांसाठी शेवटचे दोन शब्द, कारण या आमिषाला तोच सर्वाधिक लागतो. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात. तो गरीवरून काढताना चिमटा वापरावा आणि काटा लागलाच तर जखम सहन होईल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी व दवाखाना गाठावा. या माशाचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि त्या काळात तो खात नाही, त्यामुळे आमिषाला सहसा लागत नाही. तरीही जाळ्यात किंवा गरीत एखादा तोंडभर गोट्यांएवढी अंडी घेऊन आलेला आढळला, तर त्याला उभाच्या उभा पाण्यात सोडावे. हिसके दिले तर तो अंडी टाकून देतो.

म्हाकुलाचे निम्म्या मिठाचे प्रमाण कोणी पडताळून पाहिले असेल तर येथे लिहावे.

खडपावरचा

निम्मे चालते. अर्धा किलो सोललेल्या म्हाकुलाला ६० ग्रॅमच्या आसपास जाडे मीठ, आठ तास, मग पाण्यासकट लहान लहान पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. एका फेरीला एक पिशवी लागेल अशा बेताने भराव्यात, म्हणजे उरलेले पुन्हा गोठवावे लागत नाही.